अर्ज गेले आणि बारावीच्या ग्रेड्स घसरल्या : निकाल येईपर्यंत काय करायचं

अमेरिकेत मुलांचे कॉलेजचे अर्ज एकदाचे गेले, की सगळं घर मोकळा श्वास घेतं. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडेही तसंच झालं. लेकानं शेवटचा निबंध पाठवला त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या. जानेवारीच्या अखेरीस शाळेच्या पोर्टलवर पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड्स लागल्या. कॅल्क्युलसमध्ये सी, फिजिक्समध्येही सी (ए सगळ्यात वर, मग बी, सी, डी; एफ म्हणजे नापास). नववीपासून बीच्या खाली न गेलेल्या मुलाला!

आम्ही दोघं सांगलीकडचे. आमच्या लेखी बारावी म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधली बोर्डाची परीक्षा, त्यानंतर सीईटी, मग कॅपच्या फेऱ्या. ॲडमिशन झाल्यावर मागचं कुणी उकरून काढत नाही. इथे तसं नाही. अर्जासोबत नववी ते अकरावीच्या ग्रेड्स जातात, पण बारावी अजून चालू असते आणि कॉलेज ती जूनपर्यंत वाचत असतं. हे आम्हाला फार उशिरा उमगलं. त्यानंतर शनिवारच्या मराठी शाळेत भेटणाऱ्या कितीतरी पालकांशी मी यावर बोलले आहे. तेच इथे क्रमानं लिहिते. यंदा ज्यांच्या घरात पहिल्यांदाच बारावी आहे, त्यांच्यासाठी.

१. ही ग्रेड नक्की कुठली, ते आधी पाहा

पॉवरस्कूल किंवा इन्फिनाइट कॅम्पस या शाळांच्या पोर्टलवर दिसणारा प्रत्येक आकडा ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर) जातोच असं नाही. प्रोग्रेस रिपोर्टची ग्रेड वेगळी, क्वार्टरची वेगळी, सेमिस्टरची वेगळी. काही शाळा वर्षअखेर एकच ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर घालतात आणि अधल्यामधल्या मार्किंग पीरियडच्या ग्रेड्स फक्त मिड-इयर रिपोर्टसोबत (बारावीच्या मध्यावर शाळा कॉलेजांना पाठवते त्या अहवालासोबत) पाठवतात. आपल्या शाळेत काय पद्धत आहे, हे काउन्सेलरला (शाळेत कॉलेज प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्यांना) एका ओळीचा मेल टाकून मुलानंच विचारावं.

सेमिस्टर अजून संपलं नसेल, तर कागद-पेन घेऊन बसा. समजा, फायनलला २० टक्के वजन आहे आणि मुलाचे आत्ता एका विषयात ७८, दुसऱ्यात ७४ टक्के आहेत. बी साठी ८० लागतात. पहिल्या विषयात फायनलला ८८ मिळाले की काम झालं. दुसऱ्यात मात्र १०४ लागतील, म्हणजे ते होणार नाही. अशा वेळी जोर पहिल्या विषयावर द्यायचा आणि दुसऱ्यात सी खाली घसरणार नाही एवढं पाहायचं. दोन्हीकडे सारखं धावून दोन्ही हातचं घालवणारी मुलं मी पाहिली आहेत.

सेमिस्टर संपलं असेल, तर हा दुसरा हिशोब करा. वर्षाला सहा विषय, दोन सेमिस्टर, म्हणजे तीन वर्षांत ३६ ग्रेड्स. त्यांचा जीपीए (ए म्हणजे ४, बी ३, सी २ असं धरून काढलेली सरासरी) ३.८ असेल आणि बारावीच्या पहिल्या सेमिस्टरला दोन ए, दोन बी, दोन सी आले, तर त्या सेमिस्टरचा जीपीए ३.० होतो, पण एकूण जीपीए ३.६९ वर येऊन थांबतो. एकूण आकडा फारसा हलत नाही, हे पाहून पालकांना हायसं वाटतं. पण वाचणारा माणूस नुसता एकूण आकडा पाहत नाही, तो शेवटचा रकानाही पाहतो. चढत आलेली रेघ शेवटी का खाली आली, हा प्रश्न त्याला पडतोच. पुढची सगळी तयारी त्या प्रश्नाच्या उत्तराची आहे.

२. कुठल्या कॉलेजला काय कळणार, याची यादी करा

घाबरण्याआधी हे करा, कारण प्रत्येक कॉलेजची गोष्ट वेगळी असते. मुलानं अर्ज केलेली सगळी कॉलेजं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी टिपा : निकाल कधी, बारावीच्या ग्रेड्स निकालाआधी जातात का, आणि त्या कोण पाठवतं.

कॉमन ॲप (अनेक कॉलेजांसाठीचा एकच सामाईक अर्ज) वापरणाऱ्या बहुतेक कॉलेजांना शाळेचे काउन्सेलर मिड-इयर रिपोर्ट पाठवतात, पहिलं सेमिस्टर संपल्यावर, म्हणजे साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. जानेवारीच्या सुरुवातीला रेग्युलर डिसिजनचा, म्हणजे नेहमीच्या फेरीचा, अर्ज केला असेल आणि निकाल मार्चअखेर असेल, तर हा रिपोर्ट निकालाआधी वाचला जाईल असंच धरून चाला. एमआयटीसारखं कॉलेज तर फेब्रुवारीत मुलाकडूनच वेगळा फॉर्म भरून घेतं आणि त्यात पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड्स मागतं.

डिसेंबरात अर्लीच्या, म्हणजे लवकर अर्ज करायच्या, फेरीतून डिफर झालेल्या मुलांसाठी हा रिपोर्ट सगळ्यात महत्त्वाचा. डिफर करणं म्हणजे कॉलेजनं ‘अजून थोडं पाहू’ म्हणणं. आणि त्यांच्या हाती नवीन असं येतं काय, तर मुख्यतः याच ग्रेड्स.

अर्ली डिसिजनमधून (मिळालं तर तिथेच जायचं, अशा बांधिलकीच्या फेरीतून) ॲडमिशन मिळालेल्यांनी मात्र ‘आपलं झालं’ म्हणून ही पायरी सोडू नये. ती ॲडमिशन बारावी नीट पूर्ण करण्याच्या अटीवर असते, आणि बाकीचे अर्ज तुम्ही मागे घेतलेले असतात. घसरण मोठी असेल, तर दुसरं दार उघडं नाही, हे लक्षात ठेवा.

कॅलिफोर्नियातल्या पालकांनी यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, या राज्याच्या सरकारी विद्यापीठाचं) गणित वेगळं समजून घ्यावं. यूसी जीपीए काढते तो दहावी-अकरावीच्या ग्रेड्सवरून (नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत). अर्जात ग्रेड्स मुलंच भरतात, तेव्हा ट्रान्सक्रिप्ट मागत नाहीत. म्हणून कित्येकांना वाटतं, की बारावीचं यूसीला कळतच नाही. पण अर्जात बारावीचे विषय लिहिलेले असतात. त्यातला एखादा विषय सोडला, बदलला किंवा एखाद्यात डी अथवा एफ आला, तर ते कळवणं मुलाची जबाबदारी आहे. ते कळवलं नाही आणि जुलैत ट्रान्सक्रिप्टवर दिसलं, तर ग्रेडपेक्षा न कळवणंच जड जातं.

ही यादी केली तेव्हा आमच्या लक्षात आलं, की नऊपैकी तीन कॉलेजांना निकालाआधी काहीच जाणार नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही तिघं एकत्र जेवलो.

३. मुलाशी बोला, पण आधी ऐका

इथे मी चुकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ग्रेड्स दिसल्यावर मी पहिलं वाक्य बोलले ते ‘आता काय तोंड दाखवायचं?’ असं. वास्तविक तोंड दाखवायचा प्रश्न माझा होता, त्याचा नव्हता. तो उठून खोलीत गेला आणि दोन दिवस आमच्याशी धड बोलला नाही. कारण काय, हे आम्हाला आठवड्यानं कळलं. तेही त्याच्या बापानं गाडीत, नजर रस्त्यावर ठेवून, सहज विचारलं तेव्हा. ऑक्टोबर ते डिसेंबर तो रात्री दोन-दोनपर्यंत निबंध लिहीत होता, आणि कॅल्क्युलसचा पाया कच्चा राहिला होता हे कुणालाच सांगत नव्हता.

कारण कळल्याशिवाय पुढची एकही पायरी नीट पडत नाही. साधारणपणे चार प्रकार दिसतात. विषय खरोखर अवघड गेला. वेळेचा अंदाज चुकला. शरीराचं किंवा मनाचं दुखणं होतं, किंवा घरात काही घडलं. चौथा प्रकार म्हणजे इथली मुलं ज्याला सिनियरायटिस म्हणतात तो, अर्ज गेल्यावर अंगात शिरणारा आळस. पहिल्या दोनांवर उपाय शाळेत आहे. चौथ्यावर घरात.

तिसऱ्याकडे डोळेझाक करू नका. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, मित्रांना टाळणं, आवडतं वाद्य महिनोनमहिने न उघडणं, हे दिसत असेल, तर आधी डॉक्टर, कॉलेज नंतर. निदान झालं तर शाळेकडून ५०४ प्लॅनखाली (आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या सवलतींच्या आराखड्याखाली) परीक्षेला जास्त वेळ किंवा इतर सवलती मिळू शकतात. तो मुलाचा कायद्यानं दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. लांबलेल्या आजारपणात काही शाळा तात्पुरती ‘इनकम्प्लीट’ अशी नोंद करून राहिलेलं काम नंतर पूर्ण करू देतात. ते विचारावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही. आणि मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल एक शब्द जरी बोललं, तरी त्याच क्षणी ९८८ वर (आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनवर) फोन किंवा मेसेज करा. ही सेवा दिवसरात्र चालू असते. आपल्याकडे असं बोलणं ‘रागाच्या भरात म्हणाला असेल’ म्हणून सोडून देतात. सोडू नका.

नातेवाइकांचंही बोलून घ्या. पुण्याहून, कोल्हापुरातून व्हिडिओ कॉलवर ‘मग, कुठं मिळालं?’ हा प्रश्न प्रेमानंच येतो, पण मुलाला तो दर रविवारी नव्यानं टोचतो. आम्ही सासूबाईंना आणि माझ्या भावाला स्पष्ट सांगितलं : एप्रिलपर्यंत हा विषय काढायचा नाही, आम्हीच फोन करू. त्यांनी ते पाळलं.

४. आधी शिक्षक, मग काउन्सेलर

विषयाच्या शिक्षकांना मुलानं भेटावं, पालकांनी नव्हे. मागणं ग्रेड वाढवून द्या असं नसावं. ते ऐकून शिक्षकांचं मन उडतं, आणि अर्जासोबतचं शिफारसपत्र कदाचित त्यांनीच लिहिलेलं असतं. विचारायचं ते असं : कुठला भाग कच्चा आहे, तो भरून काढायला तुम्ही काय सुचवाल, मदतीच्या तासाला कधी येऊ? एखादी ग्रेड चुकून कमी नोंदली गेली असेल, एखादा असाइनमेंट शून्य दिसत असेल, तर तेवढं मात्र पुराव्यानिशी लगेच दाखवावं. अशा चुका होतात.

मग काउन्सेलर. शक्य असेल तर मिड-इयर रिपोर्ट जायच्या आधी. काउन्सेलरला त्या रिपोर्टसोबत चार ओळी लिहिता येतात. आजारपण किंवा घरातली अडचण खरी असेल, तर ती काउन्सेलरच्या लेखणीतून गेलेली जास्त बरी. मुलानं स्वतः सांगितलं तर सबब वाटू शकते, शाळेनं सांगितलं तर माहिती वाटते. पण त्यासाठी काउन्सेलरला ती गोष्ट ठाऊक हवी. आपले पालक इथे संकोच करतात, घरचं बाहेर कशाला सांगायचं म्हणून. एका ओळखीच्या घरात आजोबांच्या आजारपणात आई दोन महिने नाशिकला होती आणि धाकट्या बहिणीचं सगळं बारावीतल्या मुलीकडे होतं. शाळेत कुणालाच माहीत नव्हतं! मी आग्रहानं सांगते, अशी गोष्ट लपवू नका.

अवघड विषय सोडून द्यायचा विचार असेल, तर काउन्सेलरशी बोलल्याखेरीज काही करू नका. मध्येच सोडलेला विषय ट्रान्सक्रिप्टवर तसा दिसतो, आणि कॉलेजनं तुमचा अर्ज तो विषय धरून वाचलेला असतो. बदल केलाच, तर सगळ्या कॉलेजांना कळवावं लागतं. कधीकधी एपीतून (कॉलेजच्या पातळीच्या वर्गातून) खालच्या पातळीच्या वर्गात जाणं शहाणपणाचं असतं, पण तो निर्णय रडण्याच्या दिवशी घेऊ नये.

५. कॉलेजला लिहायचं की नाही

एखादा ए जाऊन बी आला, तर लिहू नका. त्यानं उगीच बोट दाखवल्यासारखं होतं. दोन ग्रेड्सची घसरण, एकाहून जास्त सी, किंवा कुठलाही डी-एफ असेल, तर लिहा. मधल्या परिस्थितीत काउन्सेलरचा सल्ला घ्या, तो त्या कॉलेजला जास्त ओळखतो.

लिहायचं मुलानं, ज्या ईमेलवरून अर्ज केला त्याच ईमेलवरून, किंवा कॉलेजच्या पोर्टलवर अपडेटची सोय असेल तर तिथे. पालकांच्या सहीचं पत्र कधीच नको. आणि सगळं मिळून दीडशे-दोनशे शब्द. आमच्या लेकाचा पहिला मसुदा दोन पानांचा होता, त्यातलं दीड पान माफी. काउन्सेलरबाईंनी तो परत पाठवला. शेवटी गेलेल्या पत्राचा आशय असा होता :

‘माझ्या पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड्स शाळेनं आपल्याला पाठवल्या आहेत. कॅल्क्युलस आणि फिजिक्समध्ये मला सी मिळाला आहे. याआधी मला बीपेक्षा कमी ग्रेड नव्हती. शरद ऋतूत माझा वेळेचा अंदाज चुकला, आणि कॅल्क्युलसची पहिली दोन युनिट्स कच्ची राहिली असताना मी वेळेवर मदत मागितली नाही. जानेवारीपासून मी आठवड्यातून दोनदा शिक्षकांच्या मदतीच्या तासाला बसतो आणि रोबोटिक्सचे तास कमी केले आहेत. त्यानंतरच्या दोन चाचण्यांत मला ८८ आणि ९१ मिळाले. मार्चमधल्या ग्रेड्स हव्या असल्यास काउन्सेलरमार्फत पाठवीन.’

काय झालं, का झालं, आता काय करतो आहे, त्याचा पुरावा काय. बस. शिक्षकाला दोष नाही, मित्रांशी तुलना नाही, ‘माझं स्वप्न’ नाही. पुरावा अजून हातात नसेल, तर पहिली चांगली चाचणी होईपर्यंत एक-दोन आठवडे थांबायला हरकत नाही, निकालाच्या तारखेकडे लक्ष ठेवून. डिफर झालेल्या मुलांनी हेच सगळं, अजून तिथेच यायची इच्छा आहे हे सांगणाऱ्या पत्रात एका परिच्छेदात घालावं. दोन वेगळी पत्रं नकोत. वेटलिस्टवर असलेल्यांनाही तेच लागू. एक मात्र आधी पाहा : काही कॉलेजं असं काही पाठवू नका असं स्पष्ट लिहितात. तिथे त्यांचं ऐका.

खोटं कारण लिहू नका. नसलेला आजार तर नाहीच. असं उघडकीला आलं, तर ॲडमिशन जाते ती ग्रेडमुळे नव्हे.

६. दुसरं सेमिस्टर

याबद्दल लांबण लावत नाही. पहिल्या सेमिस्टरला सी आणि दुसऱ्याला बी, ही रेघ समजावून सांगता येते. उलटी आली तर कुणालाच समजावता येत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मुलासोबत पोर्टल पाहा. रोज नको. मेमधल्या एपी परीक्षेत पाच मिळवून शाळेची ग्रेड भरून निघेल, या भरवशावर राहू नका. त्या परीक्षेचे निकाल जुलैत येतात, ट्रान्सक्रिप्टवरचा सी तसाच राहतो.

७. ॲडमिशन आल्यावर अटींचा कागद वाचा

अभिनंदनाच्या पत्राखाली किंवा पोर्टलवर दुसऱ्या पानावर अटी असतात. पेढे वाटायच्या आधी त्या वाचा. यूसीच्या अटींत साधारणपणे बारावीत डी किंवा एफ नको आणि बारावीचा जीपीए किमान ३.० हवा, असं असतं. नेमके शब्द तुमच्या कॅम्पसच्या कागदावरचेच धरा. खासगी कॉलेजं आकडा न देता ‘आजवरच्या दर्जानुसार’ असं लिहितात. मेरिट शिष्यवृत्ती असेल, तर तिच्या अटी निराळ्या असतात, त्याही काढा.

अट मोडते आहे असं एप्रिल-मेमध्ये दिसलं, तर त्याच आठवड्यात ॲडमिशन ऑफिसला कळवा. मेमध्ये कळवलेल्या मुलाला ते उन्हाळी वर्ग सुचवू शकतात, इशारा देऊन सोडू शकतात. तेच जुलैच्या अखेरीस उघडकीला आलं, तर वाटाघाटीला वेळ उरत नाही, आणि बाकीच्या कॉलेजांना तुम्ही १ मेच्या सुमारास नकार कळवून बसलेले असता. कॉलेजकडून खुलासा मागणारं पत्र आलं, तर त्यावरची मुदत पाहा आणि वरच्याच पद्धतीनं, थोडक्यात आणि खरं, उत्तर द्या.

ग्रेड्स चांगल्या असूनही फसायची एक जागा आहे, ती म्हणजे कागद वेळेवर न पोचणं. २०१७ च्या उन्हाळ्यात यूसी अर्व्हाइननं सुमारे ५०० मुलांच्या ॲडमिशन मागे घेतल्या होत्या, वर्ग सुरू व्हायला जेमतेम दोन महिने असताना. त्यांतल्या निम्म्याहून जास्त ट्रान्सक्रिप्टच्या भानगडीतून होत्या. गदारोळ झाला, चॅन्सेलरनी माफी मागितली आणि बऱ्याच मुलांना परत घेतलं. पण त्या घरांनी काढलेले ते दिवस आठवा. यूसीला अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत आणि एपीचे निकाल १५ जुलैपर्यंत लागतात. इतर कॉलेजांच्या तारखा स्वतः पाहून भिंतीवर लावा.

८. आणि दार बंदच झालं तर

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजमधून) यूसीकडे जायचा रस्ता चांगला रुळलेला आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सॅन्टा बार्बरा आणि सॅन्टा क्रूझ हे सहा कॅम्पस ठरावीक विषय आणि ठरावीक जीपीए पूर्ण करणाऱ्यांना ट्रान्स्फरची लेखी हमी देतात. तिचा अर्ज सप्टेंबरात भरायचा असतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, पण तिथेही दर वर्षी अशी मुलं जातात. न्यू जर्सीत काउंटी कॉलेजातून (तिथलं कम्युनिटी कॉलेज) दोन वर्षांची असोसिएट पदवी घेतली, की राज्याच्या ट्रान्स्फर करारानं तिचे क्रेडिट्स सरकारी चार वर्षांच्या कॉलेजांत धरले जातात. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात हे सांगायला लोक कचरतात, आवाज खाली आणतात. मी या वाटेनं गेलेल्या तीन मुलांना ओळखते. तिघांचाही अभ्यास तिथे पहिल्यांदा नीट बसला, आणि घरचे पैसे वाचले ते वेगळेच.

आमच्या लेकाला त्या सेमिस्टरनंतर दोन नकार आले आणि राज्याच्या विद्यापीठात जागा मिळाली. जूनमध्ये शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात मी त्याला काउन्सेलर ऑफिसात परत पाठवलं : शेवटच्या ट्रान्सक्रिप्टची एक प्रत स्वतःच्या हातात घे, प्रत्येक ग्रेड आणि तुझ्या नावाचं स्पेलिंग तपास, आणि ती कॉलेजला कुठल्या तारखेला गेली ते लिहून आण. उन्हाळ्यात ते ऑफिस बंद असतं. तुम्हीही हे मेच्या अखेरीलाच कॅलेंडरवर टाकून ठेवा.